वाळवंटातलं बी थांबतं कसं

रुईचं फळ उकललं की त्यातून म्हाताऱ्या निघतात. पांढऱ्या रेशमी तंतूंचा झुबका आणि त्याच्या बुडाशी एक चपटं तपकिरी बी. लहानपणी आपण त्यांच्यामागे धावलो, फुंकर मारून त्यांना वर ठेवलं. बी म्हणजे आईपासून दूर निघालेलं काहीतरी, ही समजूत बहुतेकांची तेव्हाच पक्की होते. शाळेतही तेच येतं: वाऱ्याने, पाण्याने, प्राण्यांच्या अंगाला चिकटून बिया दूर जातात.

जैसलमेरच्या बाजूला गेलं की रुईची बहीण ‘आक’ या नावाने भेटते आणि तिच्या म्हाताऱ्याही तशाच उडतात. आजूबाजूला मोकळी जमीन, वाटेत अडवायला झाड नाही, वारा दिवसभर. वाटतं, वाळवंट म्हणजे उडणाऱ्या बियांचंच राज्य असणार. पण खाली बसून वाळूतल्या छोट्या, एका हंगामाच्या झाडांच्या बिया तळहातावर घेतल्या, की चित्र उलटं निघतं. पंख आणि झुबके थोड्यांनाच. बाकीच्या बिया चिकटणाऱ्या, रुतणाऱ्या, काट्यांनी जमीन धरून ठेवणाऱ्या. काही तर मेलेल्या आईच्या मुठीत वर्षानुवर्षं बंद. थरच्या वाळवंटात हे दिसतं, इस्रायलच्या नेगेव वाळवंटात दिसतं, दक्षिण आफ्रिकेच्या कारूमध्येही दिसतं. या बियांची घडण समजून घ्यायची तर ‘हे बी दूर कसं जातं’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘हे बी थांबतं कसं, आणि कशासाठी’ असं विचारावं लागतं. मला तरी या बियांकडे पाहण्याची दृष्टी या एका प्रश्नाने बदलून मिळाली.

दुबार पेरणीचं भय

कोरडवाहू शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. मृगाचा एक चांगला पाऊस झाला, पेरणी उरकली, कोंब वर आले आणि मग तीन आठवडे आभाळ कोरडं. बी गेलं, खत गेलं, दुबार पेरणी आली. शेतकरी निदान दुकानातून पुन्हा बी आणू शकतो. रानातल्या झाडाला ती सोय नाही. जैसलमेरला वर्षभरात सरासरी 200 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. मुंबईत कधीकधी तेवढा एका दिवसात पडून जातो. त्यातही ‘सरासरी’ हा शब्द फसवा. एखाद्या वर्षी दुप्पट, एखाद्या वर्षी जवळपास काहीच नाही.

आता समजा, एका रोपट्याच्या 1000 बिया जमिनीत आहेत. चांगल्या वर्षी उगवलेल्या प्रत्येक बीपासून 20 नव्या बिया मिळतात, वाईट वर्षी एकही नाही. सगळ्या बिया पहिल्याच पावसावर उगवल्या तर चांगल्या वर्षी 20,000 होतील. पण एक वाईट वर्ष आलं की हाती शून्य, आणि शून्याला पुढे कितीही चांगल्या वर्षांनी गुणलं तरी शून्यच. त्याऐवजी निम्म्याच उगवल्या आणि निम्म्या झोपून राहिल्या तर चांगल्या वर्षी कमाई साधारण निम्मी होते. पण वाईट वर्षानंतरही, झोपलेल्यांतल्या काही मेल्या तरी, जमिनीत चारएकशे बिया शिल्लक राहतात आणि वंश टिकतो. जेरुसलेमच्या डॅन कोहेन यांनी 1966 साली हेच गणित नीट मांडून दाखवलं: पाऊस जितका बेभरवशाचा, तितका बियांचा मोठा वाटा मागे ठेवलेला बरा. पुढे अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसाँ गावाजवळ, 1903 साली स्थापन झालेल्या वाळवंट प्रयोगशाळेच्या टेकडीवर, लॉरेन्स व्हेनेबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दशकानुदशकं हिवाळी रोपटी मोजली. ज्या जातींचं नशीब वर्षागणिक जास्त हेलकावे खातं, त्याच जाती बियांचा जास्त वाटा जमिनीत झोपवून ठेवतात, असं त्यांना आढळलं.

म्हणजे या बिया प्रवास करतातच, फक्त तो काळातला असतो. या वर्षातून पुढच्या वर्षात, तिथून दहाव्या वर्षात. तो प्रवास सुखरूप व्हायचा तर बी हरवता कामा नये, मुंग्यांनी नेता कामा नये, आणि चुकीच्या पावसाला उठता कामा नये. बियांच्या अंगावरच्या सगळ्या अजब कारागिरीचा उगम या तीन अटींत आहे.

चुकीचा पाऊस ओळखायची एक युक्ती रासायनिक आहे. फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातली वाळवंटी माती कुंड्यांत भरून प्रयोग केले. वरून पावसासारखं भरपूर पाणी शिंपडलं तर बिया उगवत. तेच पाणी मातीला खालून शोषू दिलं तर उगवत नसत. माती दोन्हीकडे ओली होती. फरक एवढाच, की वरून पडणारं पाणी बियांच्या सालीतली उगवण रोखणारी द्रव्यं धुऊन खाली नेतं. चार थेंबांनी ती धुतली जात नाहीत, एखादा चांगला इंचभर पाऊस लागतो. बी जणू पर्जन्यमापक अंगावर घेऊन झोपलेलं असतं.

आईच्या मुठीत

हजहून परतलेले लोक कधीकधी एक वाळकी, लाकडी, मुठीएवढी गुंडाळी आणतात. मरियम बूटी म्हणतात तिला. बाळंतपणाच्या वेळी ती पाण्यात ठेवायची पद्धत अनेक मुस्लीम घरांत आहे, कारण पाण्यात पडताच ती हळूहळू उमलते. तिचं शास्त्रीय नाव ॲनास्टाटिका. मोहरीच्या कुळातलं हे एका हंगामाचं ठेंगणं रोपटं सहारापासून अरबस्तानापर्यंतच्या वाळवंटांत वाढतं. फळं धरली की रोप मरतं आणि वाळताना त्याच्या फांद्या आत वळून मूठ मिटते. त्या मुठीत फळं, फळांत बिया.

लोक सांगतात, ही मूठ वाऱ्याने उपटली जाते आणि वाळवंटभर गडगडत बिया पेरत जाते. गोष्ट छान आहे, पण खरी नाही. तिचं मूळ मेल्यावरही जमीन घट्ट धरून असतं आणि ती बहुधा वाढली तिथंच वर्षानुवर्षं उभी राहते. पाऊस आला की तास-दोन तासांत फांद्या उघडतात. प्रत्येक टणक फळाला कानांसारखे दोन पसरट भाग असतात. पावसाचे थेंब त्यांवर आदळले की फळ उकलतं आणि बी बाहेर पडतं. पाऊस थांबून फांद्या वाळल्या की मूठ पुन्हा मिटते. उरलेल्या बिया आत, पुढच्या पावसासाठी. मेलेली आई अशी हप्त्याहप्त्याने बी देत राहते. मुंग्यांच्या आणि उंदरांच्या तोंडातून ते वाचतं, आणि बाहेर पडतं तेव्हा जमीन ओली असणार याची खात्री असते.

याहून थरारक कारभार ब्लेफारिसचा. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारं उटंगणाचं बी याच कुळीतलं, आणि थरमध्येही ब्लेफारिस आहे. नेगेवमध्ये यित्झाक गुटरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचा बारकाईने अभ्यास केला. मेलेल्या काटेरी झाडावर फळ बंद बसलेलं असतं, भोवती वाळक्या निदलांचं कुलूप. पाणी मुरलं की आधी कुलूप सैल होतं, मग फळात पाणी शिरतं, आणि ताणून धरलेल्या दोन भिंती फट्दिशी फुटून आतल्या दोन बिया दूर भिरकावल्या जातात. किरकोळ सरीने कुलूप उघडतंच असं नाही.

बी जमिनीवर आडवं पडतं. त्याच्या अंगावर केस चपटे चिकटलेले असतात. ते भिजले की उभे राहतात, बुळबुळीत होतात आणि बीला एका बाजूने उचलून तिरकं करतात. मूळ बाहेर पडायची जागा नेमकी जमिनीला टेकते. काही तासांत मूळ खाली निघतंसुद्धा. पाणी फारच साचलं तर हाच बुळबुळीत थर हवा आत जाऊ देत नाही आणि बी उगवायचं थांबतं. कोरडेपणापासून आणि पुरापासून, दोन्हींपासून वाचवणारी ही केसांची व्यवस्था मला या साऱ्या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

अळीव भिजवताना

बुळबुळीतपणाचं शास्त्र आपल्या स्वयंपाकघरात रोज दिसतं. लाडवासाठी अळीव नारळाच्या पाण्यात भिजत घातले, की थोड्या वेळात प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक गर फुगतो. सब्जाचं तेच, इसबगोलाचं तेच. अळीव पश्चिम आशिया आणि ईशान्य आफ्रिकेकडच्या कोरड्या मुलखातले. इसबगोलही भूमध्य समुद्रापासून वायव्य भारतापर्यंतच्या रुक्ष पट्ट्यातला. पोटासाठी आपण घेतो ती इसबगोलाची भुशी म्हणजे बीचं हेच बाहेरचं चिकट आवरण.

हा गर बीच्या काय कामाचा, ते घरीच पाहता येतं. ताटलीत कोरडी बारीक वाळू पसरा, वर चिमूटभर अळीव टाका, पाणी शिंपडा आणि एक दिवस वाळू द्या. मग दाणा उचलून बघा. वाळूचे कण त्याला पक्के चिकटलेले असतात आणि तो मुळीच सुटा होत नाही. उघड्या माळावर याचे फायदे मोठे आहेत. वारा त्याला हलवू शकत नाही. कापणीच्या मुंग्या नेगेवमध्ये ढिगाने बिया वारुळात नेतात, त्यांनाही जमिनीला डकवलेलं, वाळूने मढलेलं बी ना सहज सापडतं, ना उचलवतं. मूळ निघतं तेव्हा बी जागेवर घट्ट असल्यामुळे त्या मुळाला खाली दाब देता येतो. सुटं बी असेल तर मूळ खाली जायच्या ऐवजी बीलाच वर ढकलतं.

चीनच्या वाळवंटातल्या एका दवण्याच्या नातलगावर 2011 साली प्रसिद्ध झालेलं काम तर आणखी पुढे जातं. दिवसभराच्या तापात बीच्या आतल्या डीएनएची मोडतोड होते. पहाटेच्या दवाने हा गर थोडा भिजतो, बी उगवण्याइतकं नाही, पण दुरुस्तीचं काम चालू होण्याइतकं ओलं होतं. ज्या बियांचा गर काढून टाकला होता त्यांच्यात दुरुस्ती कमी झाली. म्हणजे बी झोपेत दवाचे घोट घेतं आणि स्वतःला शिवत बसतं, तेही वर्षानुवर्षं.

कुसळाचा स्क्रू

माळावरून चालून आल्यावर धोतराच्या सोग्यात किंवा मोज्यात घुसलेली कुसळं ज्याने काढली आहेत, त्याला पुढचं पटकन कळेल. कुसळी गवत आपल्या दख्खनच्या माळांवरचं, खऱ्या वाळवंटातलं नव्हे. पण त्याचं यंत्र तेच, जे वाळवंटी स्टायपा गवतात आणि एरोडियम नावाच्या छोट्या रोपट्यात आहे. बीच्या खालच्या टोकाला सुईसारखी अणी, अणीवर मागे वळलेले राठ केस, आणि वर लांब, पिळलेली शेपटी.

एक कुसळ हातात धरा आणि शेपटीला पाण्याचा थेंब लावा. पीळ सुटू लागतो आणि शेपटी घड्याळाच्या काट्यासारखी फिरते. वाळली की पीळ पुन्हा बसतो. यात जिवंत असं काहीच नाही, पेशी केव्हाच मेलेल्या. त्यांच्या भिंतींतले धागे तिरके रचलेले असतात आणि पाणी शोषून फुगताना ते तिरकेपणामुळे सरळ न वाढता वळतात. चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव फ्रान्सिस डार्विन यांनी 1876 साली स्टायपाच्या या हालचालीवर सविस्तर लिहिलं होतं. जमिनीवर पडल्यावर शेपटीचं वरचं टोक गवताच्या काडीला किंवा खड्याला अडतं. मग शेपटी फिरायच्या ऐवजी बीच फिरतं आणि खाली घुसतं. रात्री दव, दिवसा ऊन. ओलं, कोरडं, ओलं, कोरडं. मागे वळलेले केस त्याला परत वर येऊ देत नाहीत. हीच सोय मेंढीच्या लोकरीतून कातडीपर्यंत पोचते आणि धनगरांना त्रास देते, तो भाग वेगळा.

वाळवंटात हे खाली घुसणं जीवनमरणाचं आहे. उघड्यावर वाळूचा पृष्ठभाग उन्हाळ्यात हात लावता येणार नाही इतका तापतो, पाऊस पडला तरी तासाभरात सुकतो. दोन बोटं खाली ओल दिवसचे दिवस टिकते. 2023 साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या गटाने एरोडियमची नक्कल करून ओकच्या पातळ लाकडाचं, तीन शेपट्यांचं बीवाहक यंत्र बनवलं. विमानातून टाकलेल्या बिया पृष्ठभागावरच पडून वाया जाऊ नयेत म्हणून.

काट्यांचा नांगर

सराटा चपलेत घुसला की आपण त्याला नावं ठेवतो. एकदा तो नीट पाहावा. सराट्याचं फळ पिकलं की पाच तुकड्यांत फुटतं. प्रत्येक तुकड्याला दोन मोठे आणि दोन छोटे काटे अशा कोनात असतात, की तो कसाही पडला तरी एक काटा वर आणि बाकीचे जमिनीत. वरचा काटा पायात शिरून प्रवास घडवतो, खालचे नांगर टाकतात. आत बिया एकीवर एक रचलेल्या असतात आणि सगळ्या एकदम उगवत नाहीत. बहुधा मोठी आधी, धाकट्या पुढच्या पावसांवर.

थरपासून सहारापर्यंत वाळूत सरपटणारी निउराडा ही याच विचाराची पुढची पायरी. तिचं फळ म्हणजे नाण्यासारखी चकती, एका अंगाला काटे, आत दहाएक बिया. एखादीच उगवते. तिचं मूळ चकतीच्या मधून खाली जातं, कोंब वर येतो आणि चकती रोपाच्या गळ्यात पट्ट्यासारखी जन्मभर राहते. सरकत्या वाळूत कोवळ्या रोपाला आधार देणारी ती बैठकच. हे रोप मेलं तरी उरलेल्या बिया त्याच जागी, त्याच चकतीत.

जिथं आई जगली तिथंच थांबायचं, असा हा सगळा प्रकार दिसतो. वनस्पतिशास्त्रज्ञ मायकेल झोहारी यांनी विसाव्या शतकात असंच स्पष्टीकरण दिलं होतं: वाळवंटात राहण्याजोगी जागा दुर्मीळ, आईने ती सापडवलेली आहे, मग सोडायची कशाला? 1981 साली एल्नर आणि श्मिडा या दोघांनी याला आक्षेप घेतला. शेजारची जागा काही इतकी वाईट नसते, त्यांचं म्हणणं. दूर जाऊन मोठा लाभ नाही एवढंच. चिकटणं, बंद राहणं, काटे हे सारं मुंग्या-उंदरांपासून वाचायला आणि योग्य पाऊस गाठायला आलं, जागेवर राहणं हा त्याचा सोबतचा परिणाम. मला हे दुसरं म्हणणं जास्त पटतं. मरियम बूटीची मूठ किंवा अळिवाचा गर नीट पाहिला, तर तिथं जागेपेक्षा वेळेचीच काळजी जास्त दिसते.

नेगेवमधली जिम्नारेना मात्र दोन्ही बाजूंनी खेळते. आपल्या भुईमुगासारखी ती जमिनीखालीही फळं धरते: मोजकी, मोठी, आईच्या देहातच रुजणारी. पाऊस चांगला झाला तर जमिनीवरही फुलते आणि तिथं झुबकेवाल्या, बारीक, उडणाऱ्या पुष्कळ बिया करते. वाईट वर्षी फक्त जमिनीखालच्या. म्हणजे आधी घरातलं बघायचं, उरलं तर बाहेर पाठवायचं.

घाई करणारेही आहेत

झुडपं आणि वृक्षांची गोष्ट निराळी. आई स्वतः पाच-पन्नास वर्षं जगणार असेल तर तिला प्रत्येक बी जपून ठेवायची गरज नाही. थरमधल्या लाणा नावाच्या झुडपाच्या फळाभोवती पातळ पंखांचं चक्र असतं. ते आकाशात फारसं जात नाही, जमिनीलगत घसरत जाऊन एखाद्या काटकीपाशी अडकतं. आत बीमध्ये अन्नाचा वेगळा साठा जवळजवळ नाही, पूर्ण तयार गर्भच स्प्रिंगसारखा गुंडाळून बसलेला. पाणी लागलं की काही तासांत तो उलगडतो. अशा बिया फार टिकत नाहीत, वर्षभरात मरतात. त्यांचा सारा भरवसा वेगावर.

कडू इंद्रावण, राजस्थानचा तुंबा, आपली पिवळी गोल फळं वाळवून हलकी करतो आणि वारा त्यांना चेंडूसारखी लोटतो. त्याच्या बिया उजेडात उगवायला नाखूश असतात, वाळूखाली गाडल्या गेल्या तरच तयार होतात. शमी, म्हणजे तिकडची खेजडी, आणि आपली बाभूळ, या शेंगा देऊन जनावरांना कामाला लावतात. शेळ्या बाभळीच्या शेंगा चघळतात आणि रात्री रवंथ करताना टणक बिया वाड्यात टाकतात. लेंडीखतातून मग त्या बांधावर पोचतात.

वाऱ्याने घसरत आलेलं बी अखेर कुठं अडकतं, हाही प्रश्न मोठाच. झुडपाच्या बुडाशी, दगडाच्या आडोशाला, भेगेत. नेगेवमध्ये आणखी एक जागा आहे. तिथलं साळिंदर कंद खायला जमीन उकरतं आणि वीतभर खड्डे सोडून जातं. उतारावरून वाहणारं पाणी त्या खड्ड्यांत साचतं, वाऱ्याने पाला आणि बिया येऊन पडतात, आणि आजूबाजूच्या उघड्या जमिनीपेक्षा खड्ड्यात कितीतरी दाट रोपं उगवतात. पुढे माती भरून खड्डा बुजतो, तोवर साळिंदराने दुसरीकडे उकरलेलं असतं. ही साळिंदराची जात तीच, जी सह्याद्रीच्या आणि दख्खनच्या माळांवर रात्री कंद उकरत फिरते आणि वाटेवर काळे-पांढरे काटे टाकून जाते.